दोन सनदा, एक शेत : बेनिंग्टनच्या जमिनीचा वाद

हे प्रकरण एका शेताचे आहे. आजच्या अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बेनिंग्टन गावाच्या वायव्य कोपऱ्यात ते होते. शेतकऱ्याचे नाव दप्तरात सापडते, पण इथे ते मुद्दाम वापरलेले नाही. त्याच्या जागी शेजारचा कोणीही असता तरी पेच हाच राहिला असता. गव्हर्नर, वकील आणि पुढारी यांची नावे मात्र दिली आहेत, कारण त्यांच्या निर्णयांची जबाबदारी त्यांच्याच नावावर राहायला हवी.

पार्श्वभूमी

१६६४ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपला भाऊ जेम्स, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्क, याला अमेरिकेतला मोठा मुलूख सनदेने बहाल केला. त्या सनदेत पूर्वेची हद्द कनेक्टिकट नदी अशी होती. कागदावर न्यूयॉर्क प्रांत त्या नदीपर्यंत पोचत होता. प्रत्यक्षात कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स प्रांतांतले लोक नदी ओलांडून पश्चिमेला कधीच वसले होते, आणि तिथे न्यूयॉर्कला हडसन नदीच्या पूर्वेला साधारण वीस मैलांवर थांबावे लागले होते.

उत्तरेला मात्र कोणीच वसलेले नव्हते. निदान गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हिशेबात तरी नव्हते. १७४१ मध्ये बेनिंग वेंटवर्थ न्यू हॅम्पशरचा गव्हर्नर झाला. त्याच्या नेमणूकपत्रात प्रांताची पश्चिम हद्द ‘आमच्या इतर प्रांतांना भिडेपर्यंत’ अशा अर्थाने लिहिली होती. ती कुठे भिडते, हे लिहिलेले नव्हते. वेंटवर्थने सोयीचा अर्थ घेतला: दक्षिणेकडचे दोन प्रांत हडसनपासून वीस मैलांपर्यंत जातात, मग माझाही तितकाच जातो.

नोव्हेंबर १७४९ मध्ये त्याने न्यूयॉर्कचा गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन याला पत्र लिहून विचारले की तुमची हद्द नेमकी कुठवर आहे. उत्तर यायच्या आतच, ३ जानेवारीला, त्याने हडसनपासून वीस मैलांवर सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा एका गावाची सनद देऊन टाकली आणि स्वतःच्या नावावरून गावाला बेनिंग्टन हे नाव दिले. (सनदेवर साल १७४९ आहे, तेव्हा इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून आजच्या गणनेने ते १७५० होते.) क्लिंटनचे उत्तर आले: आमची हद्द कनेक्टिकट नदीपर्यंत. वेंटवर्थने कळवले की सनद तर दिली गेली. वाद राजापुढे न्यायचा, असे दोघांनी ठरवले.

माझ्या मते पहिली खरी चूक इथे झाली. वाद राजापुढे आहे म्हटल्यावर सनदा थांबायला हव्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. फ्रेंचांशी युद्ध पेटले तेव्हा काही वर्षे काम मंदावले, पण १७६० नंतर पूर आला. १७६४ पर्यंत वेंटवर्थने कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेला १३० च्या आसपास गावे वाटली. प्रत्येक गावात ५०० एकर त्याने स्वतःसाठी राखले. सनदेची फी वेगळी.

सनदेच्या अटी हलक्या होत्या. दर ५० एकरांमागे ५ एकर पाच वर्षांत लागवडीखाली आणायचे. पहिली दहा वर्षे सारा म्हणून वर्षाला मक्याचे एक कणीस, तेही नाताळच्या दिवशी, आणि तेही मागितले तर. त्यानंतर दर शंभर एकरांना एक शिलिंग. राजाच्या आरमारासाठी डोलकाठीला लायक अशी पांढऱ्या पाइनची झाडे तोडायची नाहीत. सनदेत नावे असलेले बहुतेक लोक तिथे कधी गेलेच नाहीत. त्यांनी आपले हिस्से विकले. हिस्से विकत घेऊन खरोखर कुऱ्हाड-नांगर घेऊन गेले ते मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधले शेतकरी. सॅम्युएल रॉबिन्सनच्या पुढाकाराने १७६१ मध्ये बेनिंग्टनला पहिली कुटुंबे आली. आपला शेतकरी त्याच सुमारास आला.

पेच

२० जुलै १७६४ ला राजाने आपल्या मंत्रिमंडळासह निकाल दिला: कनेक्टिकट नदीचा पश्चिम काठ ही दोन प्रांतांमधली हद्द असावी.

सगळे भांडण या ‘असावी’ वर येऊन थांबले. वसाहतवाल्यांनी वाचले: आजपासून असावी. म्हणजे आजवर आम्ही न्यू हॅम्पशरमध्ये होतो, आमच्या सनदा खऱ्या. फक्त आता कारभार न्यूयॉर्कचा. न्यूयॉर्कने वाचले: ही हद्द १६६४ पासून होतीच, राजाने ती नुसती सांगितली. म्हणजे वेंटवर्थने जे वाटले ते त्याचे नव्हतेच आणि त्याच्या सनदांना चिटोऱ्याइतकीही किंमत नाही. आधी दिलेल्या जमिनींचे काय करायचे, याबद्दल हुकमात एक ओळसुद्धा नव्हती. एक ओळ असती तरी पुढची सत्तावीस वर्षे वेगळी गेली असती.

न्यूयॉर्कचा कारभार तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर कॅडवॉलडर कोल्डनच्या हाती होता. त्याने त्याच जमिनींच्या नव्या सनदा द्यायला सुरुवात केली. मे १७६५ मध्ये प्रिन्सटाउन नावाची २६,००० एकरांची सनद निघाली. बॅटन किल नदीच्या खोऱ्यातली ती उत्तम जमीन वेंटवर्थने आधीच चार गावांना वाटलेली होती. नव्या सनदेतले हिस्से लगोलग तिघांच्या हाती गेले. त्यांत प्रांताचा ॲटर्नी जनरल जॉन टेबर केंप आणि नामांकित वकील जेम्स ड्युएन होते. याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कौन्सिलने ठराव केला की ज्यांचा प्रत्यक्ष कब्जा आहे त्यांची जमीन दुसऱ्याला देऊ नये. ठराव न्याय्य होता. पण तेव्हा प्रत्यक्ष राहायला आलेले लोक थोडे, आणि हिस्से विकत घेऊन पुढच्या वर्षी यायचे ठरवलेले फार. त्यांना त्याचा काहीच आधार मिळाला नाही.

आपल्या शेतकऱ्याचा पेच याहून अवघड होता. त्याचे शेत बेनिंग्टनच्या सनदेत होते, आणि न्यूयॉर्कने १७३९ सालीच दिलेल्या वॉलूमसॅक सनदेतही होते. त्याच्या विरुद्धचा कागद नवा नव्हता, त्याच्या स्वतःच्या कागदापेक्षा दहा वर्षे जुना होता. वसाहतवाल्यांची बाजू घेऊन लिहिणारे बरेच जण हे सांगत नाहीत. सांगायला हवे. कागदांच्या लढाईत ज्याची बाजू बहुधा सगळ्यांत कमकुवत, त्याचेच शेत पुढे सगळ्या चळवळीची खूण झाले.

समोरचे पर्याय

शेतकऱ्याने आणि त्याच्या गावाने वेगवेगळ्या वेळी चार वाटा तपासल्या.

पहिली वाट: न्यूयॉर्ककडून सनद कायम करून घ्यायची. नदीकाठच्या पूर्वेकडच्या गावांनी हे केले. ब्रॅटलबरोने १७६६ मध्ये, विंडसरने १७७२ मध्ये न्यूयॉर्कची सनद घेतली. पण त्याची फी वेंटवर्थच्या फीच्या अनेक पट होती, आणि सारा दर शंभर एकरांना अडीच शिलिंग. जंगल तोडून नुकता कुठे मका लागलेल्या माणसाकडे रोख पैसा नसतो. शिवाय जिथे तीच जमीन दुसऱ्या कोणाला आधीच दिलेली होती, तिथे ही वाट बंदच होती. आपल्या शेतकऱ्यापुढे ती नव्हतीच.

दुसरी वाट: न्यूयॉर्कच्या सनदवाल्याशी तडजोड करून त्याच्याकडून पुन्हा विकत घेणे किंवा त्याचे कूळ होणे. कूळ या शब्दाला तिथे मोठा अर्थ होता. हडसनच्या खोऱ्यात रेन्सलरविक, लिव्हिंग्स्टन अशा अवाढव्य जहागिरी होत्या, आणि तिथली कुळे पिढ्यान्‌पिढ्या खंड भरत होती. १७६६ मध्ये त्या कुळांचे बंड सैन्य आणून मोडले गेले. ही बातमी बेनिंग्टनला पोचायला वेळ लागला नसेल. मध्ये फक्त एक-दोन दिवसांची वाट होती. जे लोक स्वतःच्या नावाच्या जमिनीसाठी घरदार सोडून आले, त्यांना ही तडजोड म्हणजे आल्या वाटेने परत जाण्यासारखी वाटली.

तिसरी वाट: लंडन. १७६६ च्या अखेरीला हजारावर सह्यांचा अर्ज घेऊन सॅम्युएल रॉबिन्सन राजाकडे गेला. त्याला एक अनपेक्षित साथीदार मिळाला. वेंटवर्थने प्रत्येक गावात एक हिस्सा ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इंग्लिश संस्थेसाठी राखला होता; न्यूयॉर्कच्या सनदांत तो बुडत होता, म्हणून त्या संस्थेनेही अर्ज केला. २४ जुलै १७६७ ला राजाचा हुकूम सुटला: पुढचा निर्णय होईपर्यंत न्यूयॉर्कने न्यू हॅम्पशरने दिलेल्या जमिनी कोणालाही देऊ नयेत. हे यश घेऊन घरी यायचे रॉबिन्सनच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी लंडनमध्ये देवीने त्याचा मृत्यू झाला. आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी थोड्याच काळात तो हुकूम धाब्यावर बसवून पुन्हा लाखो एकर वाटले.

चौथी वाट: कोर्ट.

काय घडले

ऑक्टोबर १७६९ मध्ये वॉलूमसॅक सनदेचे हिस्से पाडायला न्यूयॉर्कचे कमिशनर मोजणीदारांसह शेतावर आले. मक्याची खुडणी चालू होती. खुडणाऱ्यांत शेजारीपाजारी बरेच होते आणि काहींच्या हाताशी बंदुका होत्या. कोणी गोळी झाडली नाही. बोलाचाली झाली, मोजणीची साखळी जमिनीवर पडायच्या आत काम थांबले, मंडळी परतली. पण यानंतर सरकारी कागदांत आपला शेतकरी ‘दंगेखोर’ झाला, आणि तो शिक्का पुढे निघाला नाही.

मग बेदखलीचे दावे लागले. जून १७७० मध्ये ते ऑल्बनीच्या कोर्टात चालले. बचावाची जबाबदारी ईथन ॲलन नावाच्या कनेक्टिकटच्या तगड्या, बोलभांड माणसावर आली. त्याने न्यू हॅम्पशरला जाऊन कागद आणले आणि कनेक्टिकटचा नावाजलेला वकील जॅरेड इंगरसॉल याला उभे केले. पहिला दावा शाफ्ट्सबरीच्या एका शेतकऱ्यावर होता. वादी होता न्यूयॉर्कची सनद मिळालेला एक लष्करी अधिकारी. दुसऱ्या बाजूला केंप आणि ड्युएन, म्हणजे ज्यांची स्वतःची हजारो एकर जमीन याच प्रश्नावर अवलंबून होती तेच. न्यायासनावर रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, तोही जमीनदार घराण्यातला. वेंटवर्थच्या सनदा पुरावा म्हणून दाखल करून घ्यायलाच कोर्टाने नकार दिला. निकाल काय लागणार ते तिथेच कळले. बाकीच्यांनी, त्यांत आपला शेतकरीही आला, बचाव करण्याचे श्रमही घेतले नाहीत.

या निर्णयापाशी मी पुन्हापुन्हा थांबतो. कायद्याच्या नजरेने कोर्ट चुकले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. १६६४ ची सनद खरी मानली तर वेंटवर्थला अधिकार नव्हता, या म्हणण्यात जोर आहे. पण वेंटवर्थच्या बाजूनेही बोलण्यासारखे होते. १७४४ मध्ये राजाच्याच सरकारने कनेक्टिकट नदीच्या पश्चिमेचा डमर किल्ला सांभाळायला न्यू हॅम्पशरला सांगितले होते. जो प्रांत आपला नाही त्याचा किल्ला आपण कशाला सांभाळायचा? हा प्रश्न कोर्टात पुरता मांडला गेला असता, आणि मग निकाल विरुद्ध गेला असता, तर हरलेल्यांना निदान ऐकून घेतल्याचे समाधान मिळाले असते. कागद हातातही न घेणारे कोर्ट, आणि त्या कागदांवर ज्यांचे पोट आहे असे वकील: यानंतर कोर्ट ही वाट लोकांच्या मनातून कायमची गेली. निकालानंतर ‘दऱ्यांचे देव ते डोंगरांचे देव नव्हेत’ असे बायबलमधले बोल ॲलनने वकिलांना ऐकवले, अशी गोष्ट व्हरमाँटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

बेनिंग्टनला गावसभा भरली आणि हे शेत गावाच्या संरक्षणाखाली घ्यायचे ठरले. ॲलनच्या पुढारीपणाखाली हत्यारबंद तुकड्या उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्यांना ग्रीन माउंटनमध्ये हाकलून देण्याची धमकी दिली म्हणून त्यांनी तेच नाव उचलले: ग्रीन माउंटन बॉइज.

जुलै १७७१ मध्ये ऑल्बनीचा शेरीफ टेन आइक निकालाची बजावणी करायला निघाला. वाटेत माणसे गोळा करत तो आला तेव्हा त्याच्यामागे दोन-तीनशे जण होते. शहराचा मेयर आणि वकीलही त्यांत होते. गावाला आधीच खबर होती. शेतकऱ्याने बायकामुलांना शेजारी हलवले होते. घराचे दार अडसर लावून पक्के केले होते, भिंतींना बंदुकीपुरती भोके पाडली होती आणि आत अठरा जण बसले होते. गरज पडली तर धुराड्यावर लाल निशाण चढवायचे, असे ठरले होते. रस्त्याच्या कडेच्या झाडीत शंभरावर माणसे लपली होती. दुसरी एक तुकडी शेतापलीकडे उघड दिसेल अशी उभी होती.

मेयर काही जणांसह पुढे आला. आपल्या शेतकऱ्याने शांतपणे सांगितले की हे शेत आता माझ्या एकट्याच्या हातात नाही, गावाने ते राखायचे ठरवले आहे. वकिलाने समजावून पाहिले. शेवटी शेरीफने पुढे चालायचा हुकूम सोडला, आणि त्याची माणसे हलली नाहीत. थोडे पुढे गेले, बहुतेक वाटेतल्या पुलापाशीच राहिले. मग तेही परत फिरले.

ते का हलले नाहीत? बंदुकांची भीती होतीच. पण ऑल्बनीच्या आसपासचे हे साधे लोक होते. त्यांतले कित्येक स्वतः जमीनदारांचे देणेकरी असणार. सनदवाल्यांना जमीन मिळवून देण्यासाठी दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरावर गोळी चालवायची, हे त्यांना पटले नसावे. न्यूयॉर्कची सत्ता कागदावर होती, कोर्टात होती. त्या पुलावर ती संपली. एकही गोळी न सुटता.

निष्पत्ती

आपला शेतकरी शेतावर राहिला. १७७२ मध्ये गावांनी लंडनला पाठवायला दोन प्रतिनिधी निवडले, त्यांत तो होता. दंगेखोर म्हणून ज्याच्या नावाचा जाहीरनामा निघाला, त्याच माणसावर गावांनी राजाशी बोलण्याचे काम सोपवले, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना येते.

पण पुढची सगळी कहाणी त्याच्या शांतपणासारखी नव्हती. ग्रीन माउंटन बॉइजनी न्यूयॉर्कच्या बाजूच्या लोकांना बीच झाडाच्या फोकांनी फटकावले. बेनिंग्टनच्या खानावळीच्या उंच पाटीखाली एका माणसाला खुर्चीला बांधून दोन तास टांगले. क्लॅरंडनला न्यूयॉर्कच्या एका मॅजिस्ट्रेटच्या घराचे छप्पर उतरवले आणि ‘आता न्यू हॅम्पशरच्या सनदेखाली’ असे ओरडून परत बसवले. १७७३ मध्ये ऑटर नदीवर एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या जमिनीत वसवलेल्या स्कॉटिश कुटुंबांची घरे जाळली, गिरणी मोडली. ती कुटुंबेही जहाजातून नुकती उतरलेली, गरीब. त्यांच्या आणि बेनिंग्टनच्या शेतकऱ्याच्या दुःखात मला तरी काही फरक दिसत नाही. शिवाय ॲलन आणि त्याचे भाऊ याच वर्षी ओनियन रिव्हर कंपनी काढून वेंटवर्थच्या सनदांतले हिस्से स्वस्तात घेत होते. ते ज्यासाठी लढत होते त्यात त्यांचा स्वतःचा मोठा व्यापार होता.

न्यूयॉर्कने मार्च १७७४ मध्ये कायदा केला: नावे घेतलेल्या पुढाऱ्यांनी ७० दिवसांत हजर व्हावे, नाहीतर खटल्याशिवाय फाशी. ॲलनच्या डोक्याला १०० पौंडांचे बक्षीस होते. १३ मार्च १७७५ ला पूर्वेकडच्या वेस्टमिन्स्टर गावाच्या कोर्टघरात शेरीफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आणि दोन माणसे दगावली. पूर्वेकडची जी गावे न्यूयॉर्कशी जुळवून घेत होती, त्यांचाही धीर सुटला. महिन्याभरानंतर इंग्लंडविरुद्धचे युद्ध सुरू झाले. जानेवारी १७७७ मध्ये या गावांनी स्वतंत्र राज्य जाहीर केले, जुलैमध्ये प्रौढांची गुलामगिरी बंद करणारे संविधान लिहिले, आणि चौदा वर्षे कोणाच्याही मान्यतेशिवाय कारभार चालवला. अखेर ३०,००० डॉलर न्यूयॉर्कला देऊन सगळे दावे मिटवले गेले, आणि ४ मार्च १७९१ ला व्हरमाँट चौदावे राज्य झाले. ३०,००० डॉलर लाखो एकरांच्या दाव्यांत वाटले गेले, म्हणजे ड्युएनसारख्यांच्या हाती एकरामागे काही सेंट.

वेगळे काय करता आले असते

१७६४ चा हुकूम लिहिताना ‘आधी दिलेल्या आणि कसलेल्या जमिनी कायम’ एवढे लिहायला हवे होते, हे उघड आहे. त्याहून जवळची संधी न्यूयॉर्कच्या हाती १७६५ मध्ये होती. कब्जा न हलवण्याचा ठराव त्यांनीच केला होता. त्याला फी माफीची जोड द्यायला हवी होती, आणि येऊ घातलेल्या हिस्सेवाल्यांना दोन-तीन वर्षांची मुदत. मग ॲलनला लढायला माणसे मिळाली नसती. पण गव्हर्नरचे उत्पन्नच फीवर होते. जितक्या नव्या सनदा तितकी फी. जुन्या सनदा मोफत मानल्या तर ज्याने निर्णय घ्यायचा त्याचाच खिसा रिकामा राहत होता.

वॉलूमसॅकच्या जुन्या सनदवाल्यांबद्दलही बोलायला हवे. त्यांचा कागद जुना होता, पण १७३९ पासून तीस वर्षे त्यांनी बेनिंग्टनच्या बाजूची ही जमीन नांगरली नाही, मोजलीही नाही. शेत उभे राहिल्यावर ते हिस्से पाडायला आले. त्याऐवजी केलेल्या सुधारणांची किंमत ठरवून शेतकऱ्याशी सौदा करता आला असता. व्हरमाँटने स्वतः पुढे असाच मार्ग काढला. १७८० च्या दशकात तिथे खोट्या सनदेवर पण प्रामाणिकपणे वसलेल्यांना सुधारणांचा मोबदला देणारे कायदे झाले.

शेतकऱ्याने वेगळे काय करायला हवे होते? हिस्सा घेण्यापूर्वी सनद तपासायला हवी होती, हे सांगणे सोपे. कुठे तपासणार होता? दोन प्रांतांची दोन दप्तरे होती आणि दोन्हींत त्याचे शेत वेगवेगळ्या नावांवर होते.

आणि दोन्ही दप्तरांत जे नव्हते ते. हा मुलूख अबेनाकी आणि मोहिकन लोकांचा होता. वेंटवर्थने सनदा देताना त्यांना विचारले नाही, कोल्डननेही नाही. १७६५ मध्ये, म्हणजे प्रिन्सटाउनची सनद निघाली त्याच वर्षी, उत्तरेला मिसिस्कॉय नदीकाठच्या अबेनाकी कुटुंबांनी आपली जमीन जेम्स रॉबर्टसन नावाच्या व्यापाऱ्याला ९१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. विकली नव्हती. दरवर्षी भाडे, आणि त्यांना मका पेरायला पुरेल एवढी जमीन नांगरून द्यायची, अशी अट होती. युद्धानंतर ॲलन बंधूंनी वेंटवर्थच्या सनदांवर तीच जमीन आपली म्हटली. १९९२ मध्ये, मासेमारीच्या परवान्यावरून झालेल्या एका खटल्यात, व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अबेनाकींचा मूळ हक्क इतिहासाच्या वाढत्या भाराखाली संपला आहे. जे कागद ऑल्बनीच्या कोर्टाने १७७० मध्ये हातात घ्यायला नकार दिला, ते वेंटवर्थचे कागद त्या भारातच मोजले गेले.